चौथ्या मजल्याखालचा पाहुणा

“लिफ्टवाल्यांचं घर म्हणे! दुनियेच्या लिफ्टा दुरुस्त करत हिंडतील, आणि घरच्या लिफ्टला वाली नाही. नवे बूट घालून आलो, म्हटलं जिना नको. घ्या आता. घ्या, बसा बुटांकडे बघत.”

आत्या दाराबाहेरच्या चपला सरळ लावत होती. पुटपुटणं अगदी जवळून येत होतं, पण माणूस काही दिसेना. जिन्यात कुणी नव्हतं, खाली वाकून पाहिलं तरी कुणी नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं की आवाज लिफ्टच्या बंद दारामागून येतोय, आणि तोही पायाखालून.

“धाकट्या? तू आहेस का आत?”

पुटपुटणं थांबलं. मग मोठ्याने, खोटं हसत, “मी? हो. म्हणजे येतोच आहे गं. पोचलोच समज.”

‘अडकलास की काय’ हे शब्द तिच्या ओठांवर आले होते, ते तिने सवयीने गिळले. या घरात तो शब्द कुणी काढत नसे. नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, धंदा सुरू केला तेव्हाचाच नियम होता. लिफ्ट बंद पडून आत बसलेलं माणूस फोन करतं तेव्हा त्याला ‘अडकलात का’ असं विचारायचं नाही. ‘घाबरू नका’ तर मुळीच म्हणायचं नाही. घाबरू नका म्हटलं की तोवर नुसतं वैतागलेलं माणूस विचार करायला लागतं, की अरेच्चा, घाबरायचं असतं होय! अशा माणसाला घरात ‘पाहुणा’ म्हणत. “बँकेत पाहुणा आलाय, सहाव्यावर,” असं आत्याने फोन हातात धरून म्हटलं की दादा, तिचा थोरला भाऊ, ताटावरून उठून पायात बूट घालायला लागे.

फोन आत्याचा. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली, तेव्हा तिला गप्प बसण्याशिवाय काही येत नव्हतं. नानांनी तिला फोनजवळ बसवलं आणि म्हणाले, “तुला काही बोलायचं नाही ना? उत्तम. मग ऐक.” तिथून ती शिकत गेली. कुणी रडे, कुणी शिव्या देई, कुणी दाराला लाथा मारी. आत्या एवढंच विचारी, “मला सांगा, तुम्हाला काय काय दिसतंय?” बटणं दिसतात म्हणाले की बटणांवरचे आकडे विचारायचे, पिशवी म्हणाले की पिशवीत काय आहे ते. माणूस बघायला लागलं की श्वास घ्यायला लागतं. एका बाईने तर तिला फोनवरून विणकामाचा टाका शिकवला होता, आणि दादाने दार उघडलं तेव्हा त्यालाच म्हणाली होती, “थांबा हो जरा, एवढी ओळ होऊ द्या.”

आता मात्र पाहुणा घरचाच होता, आणि तोही धाकटा भाऊ. सगळ्या गिऱ्हाइकांना टाय लावून सांगत फिरणारा, की आमच्या लिफ्टमध्ये तुम्ही झोपलात तरी तुम्हाला कळणार नाही ती हलली कधी ते.

“हलत नाहीये का रे?” आत्याने विचारलं.

“कळत नाहीये ती हलतेय की मी,” धाकटा म्हणाला.

तिने आत हाक मारली.

आजचं जेवण धाकट्याच्याच नावाचं होतं. बारा मजल्यांच्या नव्या इमारतीचं काम त्याने मिळवलं होतं. एवढं मोठं काम या घरात आजवर आलं नव्हतं. उद्या सकाळी त्या लोकांचा इंजिनिअर येणार होता. त्याच्यासमोर दादाने विहिरीत उतरून मापं द्यायची, की काम पक्कं. विहीर म्हणजे लिफ्ट जिच्यातून वर-खाली जाते ती पोकळी. घरात सगळे तिला विहीरच म्हणत, आणि दादा तिच्यात उभं आयुष्य उतरत आला होता, लोक जिना उतरतात तितक्या सहज.

उन्हाळ्यापर्यंत.

उन्हाळ्यात एका कचेरीच्या लिफ्टच्या डोक्यावर, म्हणजे छतावर, उभा राहून तो काम करत होता. खाली कुणीतरी भलत्याच माणसाने, भलत्याच समजुतीने, बंद केलेला स्विच पुन्हा लावला. लिफ्ट वर निघाली. दादा तिच्या डोक्यावर, आणि वरून विहिरीचं छत खाली येतंय. ती थांबली तेव्हा त्याच्यात आणि छतात एखादी ट्रंक मावेल एवढी जागा उरली होती, आणि त्या ट्रंकेच्या जागेत तो घडी घालून ठेवल्यासारखा पडून होता. खाली उतरवल्यावर चहा मागितला. म्हणाला, “छताला रंग द्यायला झालाय त्यांच्या. एवढ्या जवळून कुणी बघितलं नसेल.” सगळे हसले. खरचटलंही नव्हतं.

तेव्हापासून दादा काम करायला जाई, आणि तळमजल्यावर उभा राही. वर माणूस पाठवी आणि खालून सूचना देई. उंटावरून शेळ्या हाकणं हे त्याच्या स्वभावात नव्हतं, पण घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. उलट सगळ्यांनी कामं अशी बेतायला सुरुवात केली, की त्याला उतरावंच लागू नये. चिमणी, म्हणजे त्याची मुलगी, कारागीर म्हणून बापाच्याच हाताखाली तयार झालेली, ती म्हणे, “बाबा, आज मी उतरते, सराव हवाय.” सराव हे नुसतं निमित्त होतं. बाकी तिचा हात आता त्याच्याइतकाच चालत होता. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. अळीमिळी गुपचिळी, आणि घरभर प्रेम.

आणि आता उद्याचा दिवस समोर उभा होता. सकाळपासून आत्याच्या कानाशी तीन माणसं येऊन गेली होती.

आधी वहिनी. भाजी चिरता चिरता, तोंड पातेल्यात घालून. “वन्सं, उद्या यांचा गुडघा दुखणार आहे. मी ठरवलंय. तुम्ही फक्त ‘हो, काल पण लंगडत होता’ म्हणा.”

मग नाना. त्यांनी काठीने खूण करून तिला जवळ बोलावलं. “उद्या मी आजारी पडतो. छातीत दुखतंय म्हणतो. थोरल्याला माझ्यापाशी थांबावं लागेल. वहिनीला सांगू नकोस, ती खरंच डॉक्टर आणेल.”

मग चिमणी. “आत्या, मी लवकर जाऊन मापं घेऊन येते. इंजिनिअर आला की बाबांनी नुसते आकडे वाचायचे. आईला कळू देऊ नकोस.”

आत्याने तिघांना हो म्हटलं. तिचीही एक योजना होती, ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. एवढ्या सगळ्या योजनांमध्ये ज्याचा गुडघा दुखणार होता, त्याच्याशी मात्र कुणी बोललं नव्हतं.

आत्याच्या हाकेने सगळे बाहेर आले. वहिनी पदराला हात पुसत, चिमणी तिकोनी किल्ली, टॉर्च आणि कमरेचा पट्टा घेऊन, नाना काठी टेकत. शेवटी दादा, खांद्यावर टॉवेल, अर्धा गाल दाढी केलेला.

“कोण आहे आत?”

“साहेब,” चिमणी म्हणाली. काकाला ती साहेबच म्हणे.

दादाने दाराला कान लावला. “काय रे, झोपलास का? गिऱ्हाइकांना सांगतोस तसा?”

“दादा, हस तू,” आतून आवाज आला. “हस. दिव्याखाली अंधार असतो तो हा असा.”

दादा खरंच हसला. पोट हलेपर्यंत हसला. आत्याला वाटलं, कितीतरी दिवसांत हे हसू ऐकलं नव्हतं.

चिमणीने किल्लीने चौथ्या मजल्याचं दार उघडलं आणि पोटावर पडून आत टॉर्च मारला. लिफ्टचं छत उंबरठ्याच्या जरासंच खाली होतं. जिन्याच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट तिच्या पाठीवर पडत होतं.

“बाबा, लिफ्टच्या दाराची पट्टी निसटलीय. वाकून भिंतीत रुतलीय. वर मशीनच्या खोलीतून हाताने चाक फिरवून लिफ्ट सरकवली तर आणखी वाकेल. डोक्यावर उतरूनच सोडवावी लागणार.”

हसू तिथेच थांबलं.

दादाने खांद्यावरचा टॉवेल काढला. घडी केली. वहिनीच्या हातात दिला. “मी उतरतो,” म्हणाला.

गुडघा उद्या दुखायचा होता, तो आजच दुखायला लागला. “अहो, तुमचा गुडघा! रात्रभर कण्हत होतात!” वहिनी म्हणाली.

“मी?”

“झोपेत. तुम्हाला कसं कळणार?”

नानांनी छातीवर हात ठेवला. “थोरल्या, जरा इकडे ये रे. मला कसंतरीच होतंय.”

“नाना, आत्ता तर दोनदा भात झाला का विचारलंत!” वहिनी खरंच दचकली.

“बाबा, मी उतरते ना. मला सराव हवाय,” चिमणीने पट्टा कमरेला बांधायलाही घेतला.

दादा कुणाकडेच बघत नव्हता. तो उघड्या दारातून खाली बघत होता, आणि त्याचा हात चौकटीवर होता, आणि बोटं पांढरी पडली होती. आत्याने ते बोट न् बोट पाहिलं. ओढाताण होण्याआधी त्याला इथून मानाने जायला एखादी वाट करून द्यायला हवी होती. तेवढं तिला चांगलं जमे.

“दादा,” ती म्हणाली, “तू वर जाऊन स्विच पाड बरं. त्या खोलीचं कुलूप तुझ्याशिवाय कुणाच्या हाताला उघडत नाही.”

ते कुलूप शेंबड्या पोराच्या हातालाही उघडलं असतं. दादाने तिच्याकडे पाहिलं. ती त्याला ओळखत होती आणि तो तिला. तो पाचव्या मजल्याकडचा जिना चढायला लागला, आणि वळणापलीकडे दिसेनासा झाला.

दादाचाच एक नियम होता, जो आत उतरणार त्याने स्विच स्वतः पाडायचा, खोलीला कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. कचेरीतल्या त्या प्रकारानंतर तर त्याने तो दहा वेळा घोकून घेतला होता. चिमणीने तोंड उघडलं, आत्याकडे पाहिलं, आणि मिटलं. बाबा परत येण्याआधी आपण उतरून, पट्टी सोडवून बाहेर आलो, तर बाबांना पुन्हा ‘मी उतरतो’ म्हणावंच लागणार नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. आत्यालाही ते पटलं.

ती दाराशी मांडी घालून बसली. आत आता नुसता श्वास ऐकू येत होता, भराभर, पंपासारखा.

“धाकट्या, मी इथेच आहे बरं का. तुझ्या डोक्याशी बसलेय.”

“ताई, तो आवाज नको.”

“कुठला रे?”

“तोच. फोनचा. लहानपणी टेबलाखाली बसून ऐकलाय मी तो. तू तो आवाज काढलास की समोरच्याची हालत खराब आहे असं मला तेव्हाच कळायचं.” श्वास. “माझी हालत खराब आहे का?”

आत्या दचकली. इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याने तिला हे म्हटलं नव्हतं.

“बरं, मग कुठला काढू?”

“रागाव. नेहमी रागावतेस तशी रागाव.”

“रागावू नको तर काय करू?” आत्याला त्यासाठी फारसे कष्ट पडले नाहीत. “रविवारच्या दिवशी सख्ख्या भावाकडे जेवायला येताना टाय लावतं का कुणी? आणि हे बूट! मागचे काय विहिरीत पडले? मागच्या महिन्यात तर घेतले होतेस!”

“ते तपकिरी होते.”

“तपकिरी! म्हणजे पायांना रंग कळतात आता! आणि फोन करायचा सोडून बुटांशी काय बोलत बसला होतास?”

“लाज वाटत होती गं. लिफ्टवाला लिफ्टमध्ये…” तो जरासा हसला, आणि हसताना श्वास एकदाचा सरळ गेला. “ताई, मला वाटायचं पाहुणे नाटकं करतात. इथे भिंती खरंच जवळ येतात गं. खरंच येतात.”

“येऊ देत. त्यांच्याकडे बघू नकोस. दुसरं काय दिसतंय ते सांग.”

“दुसरं काय दिसणार? मीच. आरसा आहे ना. टाय कानाखाली गेलाय. आणि डोक्यावर केस किती उरलेत ते आज वरच्या उजेडात कळलं. मला कुणी सांगितलं कसं नाही?”

आत्या हसली. तिच्या शेजारी चिमणीने पट्ट्याचा आकडा लोखंडी कडीत अडकवला, चौकट धरली, आणि एक पाय आत टाकला.

आत्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. आरसा. वरच्या उजेडात.

“पाय मागे!”

असा आवाज तिच्या गळ्यात आहे हे तिलाही माहीत नव्हतं. चिमणीचा पाय लिफ्टच्या डोक्यापासून वीतभर वर होता. तो तसाच मागे आला, आणि तिच्या मागोमाग अख्खी चिमणी फरशीवर येऊन बसली.

“काय झालं?”

“आतला दिवा चालू आहे.”

दुसऱ्या कुठल्या लिफ्टमध्ये याने काही कळलं नसतं. तिथे दिवा वेगळ्या तारेवर असतो, पाहुण्याला अंधारात बसवायचं नसतं म्हणून. या लिफ्टचा दिवा मात्र नानांनी काटकसरीपायी मुख्य स्विचलाच जोडला होता. लिफ्ट बंद, तर दिवा कशाला? म्हणजे दिवा चालू, तर स्विच चालू. दार उघडं असताना लिफ्ट हलत नाही, हे खरं. पण कचेरीतली लिफ्टही हलायला नकोच होती.

चिमणीचा चेहरा पिठासारखा झाला. “पण बाबा केव्हाचे वर गेलेत.”

“स्विच पडला का, विचारलंस?”

“बाबांना?” चिमणी म्हणाली. “बाबांना कसं विचारू, आत्या? त्यांना वाटलं असतं की…”

तिने वाक्य सोडून दिलं, पण ते सगळ्यांनाच पुरतं ऐकू आलं. उन्हाळ्यापासून दादाला कुणी काही विचारत नव्हतं. झालं का, जमेल का, जातोस का, काहीच नाही. त्याला वाटू नये की आपण त्याच्यावर शंका घेतो. त्या न विचारण्यावर आत्ता पोरीने पाय ठेवला होता.

वहिनी भिंतीला टेकली. नानांनी छातीवर हात ठेवला होता, आणि आता तो तिथे खरोखरीचा होता.

आत्याने आवाज तेवढा जाग्यावर ठेवला. “चिमणे, ऊठ. पाणी पी. मग वर जा, स्विच तू स्वतः पाड, किल्ली तुझ्या खिशात. वहिनी, तुम्ही स्टूल घेऊन तिसऱ्यावर जा. नाना, या खुर्चीत बसा आणि खरं काय ते सांगा, दुखतंय का?”

“नाही गं,” नाना म्हणाले. “खरंच नाही.”

चिमणीची पावलं जिना चढत गेली. वळणावर थांबली. थांबलीच होती बराच वेळ. मग पुन्हा चढायला लागली, सावकाश.

“ताई!” आतून किंकाळी आली. “ताई, दिवा गेला!”

“गेला ना? छान.”

“छान काय छान! काळोख आहे इथे मिट्ट!”

“केस तरी दिसत नाहीत ना आता?”

पुढचं सगळं चिमणीने केलं. उतरली, पट्टी पक्कडने सरळ केली, ओढून काढली, वर आली, तिसऱ्यावर जाऊन दार उघडलं. धाकटा स्टुलावर पाय देत बाहेर आला आणि सगळ्यांत आधी वहिनीच्या पाया पडला. चुकून, गुडघे वळले म्हणून. पण वहिनीने डोक्यावर हात ठेवून घेतलाच.

“दादा कुठंय?” वर येताना त्याने विचारलं.

दादा चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या वळणावर, पायरीवर बसला होता. गुडघ्यांवर हात, हात एकमेकांत गुंतलेले. अर्ध्या गालावरचा साबण वाळून तडकला होता. आत्या सगळ्यांत पुढे होती, ती त्याच्या खालच्या पायरीवर बसली. बाकीचे तिच्यामागे जिन्यात दाटीवाटीने उभे राहिले. नानाही काठी टेकत पहिल्या पायरीपर्यंत आले होते.

“उतरली होती का ती?” दादाने विचारलं.

“नाही,” वहिनी झटकन म्हणाली.

“एक पाय,” आत्या म्हणाली.

दादाने डोळे मिटले.

मग सगळे एकदम बोलायला लागले. हॉटेलात बिल देण्यासाठी भांडावं तसे ते चुकीसाठी भांडायला लागले. “माझंच चुकलं, यांच्या गुडघ्याकडे बघायला हवं होतं.” “नाही, मी उगाच छातीवर हात ठेवला, त्याचं लक्ष उडालं.” “नाही हो आजोबा, जो उतरतो त्याने स्विच पाडायचा. नियम मी मोडला.” “अरे, मुळात मी जिन्याने आलो असतो तर!” धाकटा म्हणाला, आणि टाय ओढून काढून खिशात कोंबला.

दादा ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर कुठलाच भाव नव्हता. भाड्याने द्यायच्या खोलीसारखा रिकामा चेहरा.

आत्याने त्याच्या हातावर हात ठेवला. “दादा,” ती म्हणाली, “इथे जरा वारा आहे, नाही? ती खिडकी दिसतेय का तुला? काय दिसतंय रे तिच्यातून?”

“बाई,” दादा डोळे न उघडता म्हणाला, “पाहुणा नाही मी.”

आत्याने हात काढून घेतला.

लागलं तिला. पण लागल्याबरोबर कळलंही. पाहुण्याशी ती बोलत राही ते दार उघडेपर्यंतच. तिचं बोलणं गोड होतं, कामाचं होतं, पण त्याने आजवर एकही दार उघडलं नव्हतं. तिकडे दादा किल्ली घेऊन निघालेला असे म्हणून त्या बोलण्याला अर्थ होता. आणि याच्याशी मात्र उन्हाळ्यापासून सगळं घर नुसतं गोड बोलत बसलं होतं. किल्ली घेऊन कुणी निघालंच नव्हतं. ज्याने निघायचं, तोच आत बसला होता.

मग तिने विचारलं. फोनच्या आवाजात नाही, रागावूनही नाही. तिचा स्वतःचा आवाज बऱ्याच दिवसांनी निघाला, म्हणून जरा घोगरा निघाला.

“दादा, तुला काय होतं?”

कुणी हललं नाही.

“उतरायची वेळ आली की तुला काय होतं ते सांग. मला माहीत नाही. आम्हाला कुणालाच माहीत नाही. आम्ही नुसतं माहीत असल्यासारखं वागतोय.”

वहिनीचा श्वास वर आला, तोंड उघडलं, गुडघा अगदी जिभेच्या टोकावर होता. आत्याने मागे न बघता हात मागे नेऊन तिचं मनगट धरलं. धरूनच ठेवलं. फोनवर बसायला लागल्यापासून ती बोलायला शिकली असं सगळे म्हणत. पण नानांनी तिला पहिल्या दिवशी जे शिकवलं होतं ते दुसरंच होतं, आणि त्याला बोलण्याहून जास्त ताकद लागते. समोर माणूस बुडताना दिसतंय आणि आपण त्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. नुसतं तिथे असायचं.

खाली कुणाच्या तरी घरात भांडं पडलं. धाकट्याने खाकरायला तोंडावर मूठ नेली आणि चिमणीने त्याच्या नव्या बुटावर पाय दिला.

“वर येते,” दादा म्हणाला.

आत्या थांबली.

“मी दारात उभा राहिलो की ती वर यायला लागते. बंद असली तरी. डोळ्यांना दिसतंय की बंद आहे, स्विच मी पाडलेला असतो, किल्ली खिशात असते, आणि ती वर येते. मग मला पुढचं काही दिसत नाही, नुसता रंग उडालेलं छत दिसतं.” तो आता डोळे उघडून हातांकडे बघत होता. “आज वरच्या खोलीत जायचं होतं. तिथे तर काही नाही. पण जमिनीत ते भोक आहे, दोर खाली जायला. ते आठवलं आणि इथे बसलो. म्हटलं, उठेन. खालून कुणीतरी हाक मारेल, ‘झालं का रे’ म्हणेल, की उठेनच. कुणी हाक मारली नाही.”

वहिनी रडत होती, आवाज न करता. आत्याने तिचं मनगट सोडलं नाही.

दादाने मान वर केली. त्याने एकेकाकडे पाहिलं. नानांकडे, धाकट्याकडे, बायकोकडे, शेवटी चिमणीकडे, जिच्या हाताला अजून काळं वंगण लागलेलं होतं.

“मला विहिरीची भीती वाटते,” तो म्हणाला. “आणि तुम्ही कुणी मला काही विचारत नाही ना, त्याची त्याहून जास्त वाटते.”